सुरी लावली की अंडं भातावर उलगडलंच पाहिजे: 'ताम्पोपो' सिनेमातला ओमुराईस घरच्या गॅसवर

ओमुराईस म्हणजे केचपमध्ये परतलेला भात आणि त्यावर आतून ओलसर आम्लेट. हा पदार्थ करायचा म्हटलं की निम्मी लोकं पहिलं अंडी पॅनमध्ये टाकायला घेतात आणि तिथंच गाडी घसरते. मग फोटो येतो, भातावर जाड पिवळं आम्लेट ठेवलेलं, मधोमध सुरी मारलेली आणि ते काही केल्या उघडत नाही, खाली प्रश्न, "असंच असतंय ना?" असं नसतंय. नीट जमलेलं आम्लेट वरून उभं चिरलं की दोन्ही बाजूंनी आपोआप खाली येतं, आतला मऊ ओलसर भाग वर येतो आणि सगळा भात झाकून टाकतो.

ज्यांनी नुसती रील बघितलीय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मूळ सीन १९८५ च्या 'ताम्पोपो' या जपानी सिनेमातला, दिग्दर्शक जुझो इतामी. एक फाटका भटक्या माणूस रात्रीच्या वेळी एका लहान पोराला घेऊन हॉटेलच्या बंद किचनमध्ये घुसतो आणि पहारेकरी यायच्या आत हे करून त्याच्यापुढं ठेवतो. त्याचा हात बघून लोकांना वाटतं की सगळी जादू मनगटात आहे. मनगट लागतंच, पण माझं मत विचाराल तर यात मनगट थोडं आणि क्रम जास्त, म्हणजे भात आधी, पॅन आधी, ताटली आधी आणि अंडं सगळ्यात शेवटी, कारण अंडं पॅनमध्ये पडल्यावर तुमच्या हातात मिनिटभरसुद्धा नसतं.

खालचं सगळं प्रमाण एका माणसाचं आहे. चार जणांचं कसं करायचं ते शेवटी सांगतो, पण पहिल्यांदा करताना एकाचंच करा.

आधी हे वाचा: कुणी खायचं नाही

या आम्लेटचा आतला भाग अर्धवट शिजलेलाच असतो, पदार्थच तसा आहे. त्यामुळं गरोदर बाई, लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना हा देऊ नका (सिनेमात पोरगंच खातंय हे मला माहितीय, तरी पण). त्यांच्यासाठी दोन अंड्यांचं पातळ, पूर्ण शिजलेलं आम्लेट करून त्यात भात गुंडाळायचा, जपानमध्ये ती पद्धत पण तितकीच चालते. बाकीच्यांनी अंडी ताजी घ्या, तडा गेलेलं एकही नको. पाण्यात टाकून बघा, आडवं तळाशी बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, ते उकडायला ठेवा, आणि तरंगलं तर टाकून द्या.

१. भात: इथं कोल्हापूरकरांना फायदा आहे

जपानी तांदूळ आखूड दाण्याचा आणि थोडा चिकट असतो. तो शोधत बसू नका, ऑनलाइन महाग मागवू पण नका. आपला इंद्रायणी या कामाला एकदम बरोबर बसतो, लक्ष्मीपुरीत कुठल्याही धान्याच्या दुकानात मिळतो. आजऱ्याचा घनसाळ पण चालतो, फक्त त्याचा स्वतःचा वास इतका छान असतो की त्यावर केचप ओतायला जीव होत नाही, म्हणून मी इंद्रायणीच म्हणतो. बासमती आणि कोलम नको, दाणे सुटे राहतात आणि भाताचा आकार धरत नाही, वर आम्लेट ठेवलं की ढीग ढासळतो.

एक वाटी तांदळाला दीड वाटी पाणी, नवा तांदूळ असेल तर सव्वा वाटीच. वरण-भाताला घालतो तेवढं पाणी घातलं तर नंतर परतताना गोळा होतो. भात झाला की ताटात पसरून दहा-पंधरा मिनिटं वाफ जाऊ द्या. एका माणसाला शिजलेला भात मोठी वाटीभर, साधारण १८० ग्रॅम.

शिळा भात चालतो, उलट परतायला सोपा जातो, पण तो रात्री फ्रिजमध्ये ठेवलेला पाहिजे. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात वापरू नका, त्यात जी घाण तयार होते ती परत गरम करून जात नाही.

तपासा: दोन दाणे बोटात दाबा. एकमेकाला चिकटले पाहिजेत पण बोटाला लगदा लागता कामा नये.

२. पॅन आणि शेगडी

निम्मे ओमुराईस पॅनमुळं वाया जातात, कृती बरोबर असून सुद्धा. पाहिजे असतो तो २० सेंटिमीटरचा नॉनस्टिक फ्रायपॅन, कडा वर गोलाई घेत गेलेल्या, हँडल घट्ट. २४-२६ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये तीन अंडी पसरून पातळ होतात आणि आत ओलं काही राहतच नाही. डोशाचा तवा नको, त्याला कडाच नाहीत, आम्लेट वळवायचं कशावर? भाकरीचा लोखंडी तवा तर अजिबात नको. आणि ज्या नॉनस्टिकवर घरातल्या कुणीतरी स्टीलचं उलथनं चालवून ओरखडे पाडलेत तो पण बाजूला ठेवा, ओरखड्याला अंडं धरतं आणि नेमकं वळवताना फाटतं.

शेगडीचा लहान बर्नर वापरा. मोठ्या बर्नरची ज्योत २० च्या पॅनच्या बाहेर येते, कडा आधी तापतात, तिथं अंडं कोरडं होतं आणि मधे पाणीच राहतं. फॅन बंद करा, खिडकीतनं वारा येत असेल तर ती पण, ज्योत हलत राहिली की पॅन एका बाजूनंच तापतो.

ढवळायला चॉपस्टिकची जोडी सगळ्यात भारी, नूडल्सच्या पार्सलबरोबर आलेली कुठंतरी ड्रॉवरमध्ये पडलेली असेलच. नसेल तर सिलिकॉनचा स्पॅच्युला. झारा, डाव, चमचा यातलं काही नको.

३. चिकन भात

लागेल ते: बोनलेस चिकन ५० ग्रॅम, अगदी बारीक तुकडे, सेंटिमीटरभराचे. लहान अर्धा कांदा बारीक चिरून. टोमॅटो केचप पोह्याचे दोन-तीन चमचे. बटर एक चमचा. मीठ, मिरपूड.

बटरमध्ये कांदा मऊ होऊ द्या, लाल नको. चिकन घाला, पूर्ण शिजवा, तुकडा मोडून आत गुलाबी नाही ना बघा. आता इथं जी चूक सगळे करतात ती टाळा: भात घालून मग वर केचप पिळू नका. केचप आधी, भात नंतर. चिकन-कांदा एका बाजूला सारा, मोकळ्या जागेत केचप घाला आणि तो बुडबुडे येऊन दाट होईपर्यंत, रंग जरा गडद होईपर्यंत परता, मिनिटभर तरी. त्यातलं पाणी उडतं, कच्चा आंबट वास जातो, आणि मग भात घातला की दाण्या-दाण्याला रंग बसतो पण भात ओला होत नाही. आपल्याकडचा केचप गोडच असतो, तेव्हा दोन-चार थेंब व्हिनेगर किंवा लिंबू टाका.

ओला भात झाला तर पुढचं कितीही छान केलं तरी आम्लेटखाली चिखल होतो, हे लक्षात ठेवा.

आता तिखटाचा विषय, तो येणारच. कांदा-लसूण चटणी घालायचीच असेल तर इथं, भातात, केचपबरोबर पाव चमचा, आणि तेवढ्यावर हात आवरा. पण अंड्यात चटणी, हिरवी मिरची, कोथिंबीर, कांदा, यातलं काहीच नाही. चवीला काय वाईट लागत नाही, पण आम्लेटचं कातडं एकदम पातळ असतं, मिरचीचा एक तुकडा जरी मधे आला तरी तिथनं फाटतं आणि आतलं सगळं ताटलीत पडायच्या आधीच पॅनमध्ये येतं. तांबडा रस्सा शेजारी वाटीत घेऊन बसलात तर कोण काय बोलणार नाही, वर मात्र ओतू नका.

चिकन नको असेल तर मशरूम किंवा ढब्बू मिरची, पण दोन्हीला पाणी सुटतं म्हणून आधी कोरडं होईपर्यंत परता.

भात झाला की लगेच वाटीत दाबून ताटलीवर उपडा करा आणि हातानं जरा लांबट करा, आम्लेटच्या मापाचा. वरून चपटा पाहिजे, टोक काढू नका, टोकावर आम्लेट ठेवलं की घसरतं.

तपासा: ताटली शेगडीच्या शेजारी, हात पोचेल इतक्या जवळ आहे का? सुरी? वर घालायचा केचप? हे तिन्ही जागेवर असल्याशिवाय अंडं पॅनमध्ये टाकायचं नाही.

४. अंडी तयार करणं

पोल्ट्रीची तीन अंडी. गावठी असतील तर चार, ती आकारानं लहान असतात. फ्रिजमधली असतील तर अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. थंडगार अंडं तापलेल्या पॅनमध्ये पडलं की पॅन गार होतो, खाली बसतं, चिकटतं, आणि मग आपण गॅस मोठा करतो, म्हणजे सगळंच गेलं.

मीठ चिमूटभरच, कारण बटरमध्ये मीठ असतंच, गोकुळचं असो नाहीतर अमूलचं. मीठ घालून दहा मिनिटं ठेवलं तर आम्लेट मऊ होतं आणि पाणी कमी सुटतं, म्हणून भात परतायला घ्यायच्या आधीच अंडी फोडून मीठ घालून झाकून ठेवलीत तर वेळ बरोबर जुळते (फोडून तयार ठेवायची, पॅनमध्ये टाकायची नाहीत).

दूध घातलंत तर एक चमचा, जास्त नाही. लोकं अर्धी वाटी दूध ओततात, मऊ व्हावं म्हणून, आणि मग ते जमतच नाही, पाणी आणि अंडं वेगळं होतं. त्यापेक्षा म्हशीच्या दुधाची साय घरात असतेच, ती एक चमचा घ्या पण आधी चांगली फेटून एकजीव करा, सायीची गुठळी राहिली तर तिथं भोक पडतं.

काट्यानं डावीकडं-उजवीकडं मारत फेटा, बीटर लावून फेस काढू नका. फेस म्हणजे हवा, हवा म्हणजे बुडबुडे, बुडबुडे म्हणजे कातड्याला भोकं. मग गाळून घ्या. हो, गाळून. पांढऱ्याचे दोरे राहतात ते बाकीच्यापेक्षा वेगळे शिजतात. चहाची गाळणी वापरणार असाल तर आधी चांगली घासा, नाहीतर जपानी आम्लेटला चहाचा वास येईल.

५. कोरडा सराव, हे टाळू नका

लहान नॅपकिन ओला करून पिळा, आम्लेटच्या आकाराची घडी घाला आणि थंड पॅनमध्ये ठेवा. आता पॅन पुढं तिरका करा आणि घडी पुढच्या कडेला आणा. एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं हँडलवर, पॅनच्या जवळ, हलके ठोके द्या. प्रत्येक ठोक्याला घडी जराजरा उडून आपल्याकडं गुंडाळत आली पाहिजे. येत नसेल तर तुम्ही पॅन पुरेसा तिरका केलेला नाही किंवा ठोका हँडलच्या टोकाला देताय.

टीव्ही बघत बघत केलं तरी चालतं. घरातले हसतील, हसू द्या, नॅपकिन वाया गेला तर धुता येतो.

६. आम्लेट

इथं वाचत वाचत करू नका. आधी पूर्ण वाचा, मग मोबाईल बाजूला ठेवा.

क) पॅन मध्यम आचेवर मिनिटभर तापवा, मोठ्या आचेवर रिकामा नॉनस्टिक ठेवायचा नाही. बटर १० ग्रॅम टाका. बटर फेसाळलं पाहिजे पण तपकिरी व्हायला नको. तपकिरी झालं तर पुसून काढा आणि परत सुरुवात करा, कंजूषपणा करू नका, आम्लेटवर डाग येतात. कडांना पण बटर फिरवा.

तपासा: काट्याच्या टोकानं अंड्याचा एक थेंब टाका. हलकासा चर्र आवाज येऊन लगेच जमला पाहिजे. आवाज नाही आला तर थांबा, जोरात तडतडला तर पॅन उचलून थोडा गार करा.

ख) आता आच मध्यमपेक्षा जरा वर. सगळं अंडं एकदम ओता. दोन-तीन सेकंद हात लावू नका, कडा फुगून वर येतील.

ग) मग लगेच चॉपस्टिकनं लहान लहान गोल ढवळा, भराभर, आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं पॅन मागं-पुढं हलवत राहा. कडेला जमलेलं आत ओढत राहा. दोन्ही हात एकाच वेळी चालले पाहिजेत, नुसतं ढवळलं की भुर्जी होते आणि नुसता पॅन हलवला की खाली जाड थर बसतो.

घ) आता सगळ्यात महत्त्वाचं, थांबायचं कधी. वाफेवर अर्धा जमलेला खरवस असतो ना, हलवला की थरथरतो पण मधे अजून पातळ, त्या अवस्थेला अंडं आलं की पॅन आचेवरनं उचला. साधारण वीस-पंचवीस सेकंदात हे होतं, पण घड्याळाकडं बघू नका, अंड्याकडं बघा. अंड्याचा पांढरा भाग ६२-६३ अंशाला जमायला लागतो आणि पिवळा त्याच्या थोडं वर, म्हणजे "अजून कच्चं आहे" आणि "पार झालं" यात फरक फार थोडा आहे, आणि पॅन उचलल्यावर सुद्धा त्याच्या उष्णतेवर अंडं शिजत राहतंच. "अजून पाच सेकंद ठेवू" असं वाटलं की समजायचं, हीच उचलायची वेळ. लोकांचं आम्लेट उघडत नाही ते याच पाच सेकंदांमुळं.

च) पॅन हवेतच धरून चॉपस्टिकनं अंडं सारखं पसरा, कुठं भोक दिसत असेल तर पातळ अंड्यानं बुजवा. मग परत आचेवर चार-पाच सेकंद, ढवळायचं नाही. खालचं कातडं एवढ्यात धरतं.

छ) आच मंद. पॅन पुढं तिरका करा. हँडलकडची बाजू सोडवून पुढं दुमडा, साधारण एक तृतीयांश. मग सगळं पुढच्या कडेला सरकवा आणि पुढची कड आपल्याकडं वळवा. ठोके जमत असतील तर ठोके देऊन आम्लेट गुंडाळून घ्या. जमत नसतील तर स्पॅच्युलानं कडेला टेकवून वळवा, काही कमीपणा नाही, ताटलीत आल्यावर कुणाला कळत नाही.

ज) जोड खालच्या बाजूला आला की आचेवर पाच सेकंद, जोड चिकटतो. एवढंच.

तपासा: पॅन हलवला की आम्लेट एकसंध सरकलं पाहिजे आणि बोटानं वरून हलकं दाबलं की आत डुचमळलं पाहिजे. कडक लागलं तर सुरी मारायच्या भानगडीत पडू नका, तसंच भातावर ठेवून केचप घाला आणि खा.

७. उतरवणं आणि चिरणं

हँडल उलट्या पकडीनं धरा, अंगठा वर. ताटली पॅनला जवळजवळ टेकवून पॅन उपडा करा, आम्लेट भातावर आलं पाहिजे, जोड खाली आणि गुळगुळीत बाजू वर. उंचावरनं टाकलं की फुटतं.

सुरी धारदार पाहिजे. टोमॅटो न दबता कापते का बघा, कापत असेल तर चालेल. सुरीचं फक्त टोक वापरून या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चीर द्या, खोली नुसत्या कातड्याएवढी. भातापर्यंत कापू नका, तसं केलं तर दोन तुकडे होऊन घसरतात, उलगडत नाही. चिरून झालं की सुरीच्या पात्यानं दोन्ही बाजू जरा बाहेर ढकला, पुढचं ते आपलं आपण करतं.

वर केचप, बस. रेस्टॉरंटवाले डेमी-ग्लास नावाचा घट्ट मटणाच्या रश्श्यासारखा सॉस घालतात, तो करायला बराच वेळ जातो आणि सिनेमातल्या पदार्थाला त्याची गरज पण नाही.

उशीर करू नका. पॅनमधनं ताटलीत आल्यावर मिनिटभराच्या आत चिरायचं. फोटोसाठी लाईट लावत बसलात तर आतलं अंडं स्वतःच्या उष्णतेनं जमून जातं.

८. फसलं तर कुठं बघायचं

- चिरलं पण उघडलं नाही: आत शिजून गेलं. पुढच्या वेळी पायरी 'घ' मध्ये लवकर उचला. दुसरं कारण मोठा पॅन.
- चिरल्यावर पाण्यासारखं वाहिलं: उलट बाजू, नीट ढवळलं नाही, मधे कच्चं राहिलं. किंवा दूध जास्त.
- वर तपकिरी डाग: बटर जळलं किंवा आच मोठी. चवीला वाईट नाही, पण कातडं जाड झालं म्हणून उघडायला त्रास देतं.
- वळवताना फाटलं: ओरखडे पडलेला पॅन, अंड्यात फेस, सायीची गुठळी, किंवा कोणीतरी गुपचूप कोथिंबीर टाकली.
- चव चांगली पण सगळं गोड: केचपमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू टाकायचं राहिलं.

फाटलेलं आम्लेट परत जोडायच्या नादाला लागू नका, जेवढं जास्त खेळाल तेवढं शिजत जातं.

९. चार जण जेवायला असतील तर

भात सगळ्यांचा एकदम करा आणि झाकणाच्या हॉटपॉटमध्ये ठेवा. अंडी मात्र एकाच पातेल्यात फेटून अंदाजानं ओतू नका, पहिल्याला जास्त पडतं आणि शेवटच्याला दीड अंड्याचं आम्लेट येतं. चार वाट्या घ्या, प्रत्येकीत तीन अंडी, प्रत्येक वाटी वेगळी गाळून.

प्रत्येक आम्लेटनंतर पॅन टिश्यूनं पुसा, नवं बटर घाला. दुसऱ्या आम्लेटला पॅन आधीपेक्षा जास्त तापलेला असतो, म्हणून थेंबाची चाचणी दर वेळी करायची. पहिलं आम्लेट चांगलं आणि तिसरं जळकं येतं ते यामुळं.

आणि सगळ्यांचं होईपर्यंत थांबून एकत्र जेवायचा आग्रह इथं सोडून द्या. ज्याचं झालं त्यानं लगेच खायला घ्यावं. उरलं तर भात फ्रिजमध्ये जाईल, अर्धकच्चं आम्लेट मात्र ठेवायचं नाही आणि परत गरम पण करायचं नाही, तेवढं त्याच वेळी संपवायचं.